थवा उठू नये म्हणून

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात नागपूरचा पारा ४५ अंशांभोवती घुटमळत असतो. नेमक्या त्याच दिवसांत वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या ओसाड खडकांवर सुरय (इंग्रजीत टर्न) पक्षी विणीसाठी जमलेले असतात. इकडे शाळांना सुट्या, तिकडे समुद्र अजून चालू, पाऊस दोन-तीन आठवडे लांब. विदर्भातून समुद्रपक्ष्यांची वसाहत पाहायला जायचे तर वर्षातली हीच काय ती फट, आणि ती अरुंद आहे. २६ मेच्या सुमारास प्रवासी होड्या बंद होतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी. होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारल्या जातात. पक्ष्यांच्या विणीचा मोठा भाग मात्र त्याच बंद दिवसांत, पावसाच्या माऱ्यात पार पडतो. बेटावर सगळ्यात जास्त काही घडत असते तेव्हा तिथे कोणी जाऊच शकत नाही. मला ही व्यवस्था फार चांगली वाटते. ते सुरय अजून तिथे येत आहेत, त्यात या खवळलेल्या समुद्राचा वाटा मोठा असणार.

वेंगुर्ला रॉक्स किंवा बर्न्ट आयलंड्स या नावाने नकाशात दिसणारा हा खडकांचा पुंजका. त्यातल्या एका खडकावर दीपगृह आहे. निवतीच्या किनाऱ्यावरून होडीला साधारण तासभर लागतो, वेंगुर्ल्याच्या बंदरावरून दीड-दोन तास. झाड म्हणावे असे जवळजवळ काही नाही. गवत, थोडी खुरटी झुडपे, पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरे झालेले कडे आणि पाण्यापाशी उघडणाऱ्या गुहा. आपण शाळेत काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून ज्यांचे नाव शिकतो ते अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम पक्षिशास्त्रज्ञही होते, आणि १८७५ साली लक्षद्वीपच्या सफरीत त्यांनी हे खडक गाठले होते. पण ते गेले वर्षाच्या सुरुवातीला, सुरयांचा हंगाम नसताना. पुढे १९४० च्या सुमारास हुमायून अब्दुलालींनी इथल्या सुरयांबद्दल आणि पाकोळ्यांबद्दल बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये सविस्तर लिहिले. महिना चुकला की बेट तेच असते आणि पक्षी वेगळे, एवढे या जुन्या नोंदींवरूनही कळते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर बेट पाकोळ्यांचे असते. ही भारतीय पाकोळी जेमतेम १२ सेंटिमीटरची, काळपट तपकिरी. गुहेच्या अंधारात ती टकटक असा आवाज काढत त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधते. वटवाघळाचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, हिचा येतो. गुहेच्या भिंतीला ती आपल्या लाळेने अर्ध्या वाटीसारखे घरटे चिकटवते आणि त्यात दोन अंडी घालते. तेच घरटे परदेशात सूप करण्यासाठी विकले जाते म्हणून इथून चोरले जायचे. एक घरटे ओरबाडले की पाकोळी दुसरे बांधते. पण तिची लाळ, तिची ताकद आणि पावसाआधीचे दिवस, तिन्ही मोजकेच असतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने या चोरीविरुद्ध चिकाटीने काम केले, हे या बेटांच्या इतिहासातले मोलाचे पान आहे. आजही एखादा होडीवाला हौशी पर्यटकाला 'गुहेत नेतो' म्हणाला तर नको म्हणावे. एक तर घरटी हातभर अंतरावर असतात. दुसरे, बाहेर शांत दिसणारी लाट गुहेच्या अरुंद तोंडात शिरली की पाणी एकदम वर चढते आणि डोके छताला आपटते.

सुरय विदर्भातल्या पक्षिमित्राला अनोळखी नाही. गोसीखुर्दच्या विस्तीर्ण पाण्यावर, तोतलाडोहला, वैनगंगेच्या पात्रात पिवळ्या चोचीचा नदी सुरय आपण पाहतोच. समुद्रावरचे त्याचे भाऊबंद ओळखताना चोचीपासून सुरुवात करावी. मोठा तुरेवाला सुरय: पिवळी चोच, डोक्यावर विस्कटलेला काळा तुरा, लांबी साधारण हातभर. त्याच्याहून लहान तुरेवाल्याची चोच नारिंगी. या बेटांची खरी ओळख असलेला जो सुरय आहे त्याला इंग्रजीत ब्रायडल्ड टर्न म्हणतात. चोचीपासून डोळ्यावरून मागे जाणारी काळी पट्टी लगामासारखी दिसते, म्हणून इथे मी त्याला लगामी सुरय म्हणेन. पाठ राखी-तपकिरी, डोके काळे, कपाळ पांढरे आणि ते पांढरे भुवईसारखे डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेले. ही भुवई नीट पाहावी. सूटी टर्न नावाचा त्याचा सख्खा भाऊ जवळजवळ सारखाच दिसतो, पण त्याचे पांढरे डोळ्यापाशीच थांबते आणि पाठ काळीकुट्ट असते. सूटी पाहायचा तर लक्षद्वीपमधले पिट्टी बेट. कवरत्तीच्या वायव्येला साधारण २४ किलोमीटरवरचा हा जेमतेम १.२ हेक्टरचा वाळूचा ठिपका. ती सफर वेगळी, परवानग्या वेगळ्या. आणखी एक खूण: समुद्रात वाहत चाललेल्या ओंडक्यावर किंवा फळकुटावर सुरय बसलेला दिसला तर तो बहुधा लगामी. सूटी असा बसत नाही म्हटले तरी चालेल.

लगामी सुरय एकच अंडे घालतो. खडकाची कपार, कड्याच्या ओठाखालची सावली, झुडपाचा बुंधा, अशा आडोशाला. सुमारे महिनाभर उबवण आणि त्यानंतर पिल्लू उडायला आणखी दोन महिने. एक अंडे आणि तीन महिने, हा हिशोब डोक्यात ठेवला की बाकीचे नियम कोणी सांगावे लागत नाहीत. मोठा तुरेवाला याच्या उलट वागतो. तो उघड्या सपाट खडकावर, शेजाऱ्याची चोच पोहोचणार नाही एवढेच अंतर ठेवून, दाटीवाटीने बसतो. त्याचेही बहुधा एकच अंडे.

उबवणे हा शब्द इथे थोडी दिशाभूल करतो. मे महिन्यातल्या उघड्या खडकावर पक्षी अंड्याला ऊब देण्यापेक्षा सावली देण्यासाठीच बसलेला असतो. अंड्यातल्या जिवाला ३७-३८ अंश मानवतात, चाळिशीच्या वर काही काळ राहिले तर तो मरतो. दुपारचा खडक ५० च्या पलीकडे सहज जातो. सुरय पोटाची पिसे समुद्रात भिजवून आणतो आणि ओल्या पोटाने अंड्यावर उभा राहतो. नागपुरात टिटवी उन्हाळ्यात हेच करते, डबक्यात पोट बुडवून घरट्याकडे पळते. ज्याने ते पाहिले आहे त्याला हे पटकन समजेल. आता होडी जवळ गेली आणि पक्षी दहा मिनिटे उडून राहिला, तर सकाळी सातला बहुधा काही होत नाही. तेच अकरा वाजता झाले तर अंडे शिजते. बाहेरून काहीच दिसत नाही. परत येऊन पक्षी त्याच अंड्यावर बसतो आणि पुढे कित्येक दिवस बसून राहतो. आपण मात्र 'पक्षी परत बसले, काही बिघडले नाही' असे समाधान घेऊन घरी येतो.

उन्हाखेरीज दुसरे संकट कावळ्याचे. माणसांच्या आणि होड्यांच्या मागे कावळे बेटांवर पोहोचतात, आणि सुरय उठण्याची वाटच पाहत असतात. समुद्र गरुडही तिथे असतो, पण तो बेटाचाच रहिवासी आहे. त्याचे आणि सुरयांचे काय ते आपसात पूर्वीपासून ठरलेले आहे. तुरेवाल्यांच्या वसाहतीत घाबरून पळालेले पिल्लू शेजाऱ्याच्या हद्दीत शिरते आणि तिथल्या मोठ्या पक्ष्याच्या चोचीने मरते. तिसरे संकट सामानातून जाते. जगभरच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांचा सर्वांत मोठा घात उंदरांनी केला आहे, आणि ते होड्यांतूनच पोहोचले. म्हणून खाण्याच्या पिशव्या, दोरांची वेटोळी आणि जाळ्यांचे ढीग निघण्यापूर्वी झटकून पाहावेत, बेटावर उतरायचे नसले तरीही.

उतरायचे नाहीच. दीपगृहाच्या खडकावर जायला दीपगृह खात्याची परवानगी लागते, तो मुद्दा आहेच. पण परवानगी मिळत असती तरी विणीच्या काळात उतरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कपारीतले अंडे खडकाच्याच रंगाचे, ठिपक्यांचे असते. पाय ठेवल्यावरच ते होते हे कळते.

या सगळ्याचा सराव घराजवळ करता येतो. एप्रिल-मेमध्ये धरणांचे पाणी उतरले की मधली उंचवट्याची बेटे उघडी पडतात. त्या वाळू-मुरमावर नदी सुरय, छोटा सुरय आणि छोटा आर्ली हे पक्षी अंडी घालतात. तिथे होडीतून किंवा काठावरून, न उतरता, तासभर बसावे. कोणत्या अंतरावर माना वर होतात, कोणत्या अंतरावर पहिला पक्षी उठतो, हे आपल्या डोळ्यांनी शिकावे. नदी सुरय आता जागतिक यादीत संकटग्रस्तांत मोडतो, आणि त्याची कारणे आपल्याच पात्रात आहेत: वाळूउपसा, कलिंगडाच्या वाड्या, ओहोटलेल्या पाण्यातून चालत बेटावर जाणारी कुत्री, आणि अवेळी सोडलेल्या पाण्याने एका रात्रीत बुडालेली बेटे. समुद्रातल्या खडकाला कुत्र्यांची भीती नाही. एवढाच काय तो फरक.

प्रवासाचे थोडक्यात. नागपूर ते मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर, आणि तिथून कोकण रेल्वेने कुडाळ. नागपूर–मडगाव ही आठवड्यातून दोनदा धावणारी विशेष गाडी चालू असेल तर ती कुडाळला थांबते आणि गाडी बदलण्याचा त्रास वाचतो. तिच्या तारखा आधी पाहाव्यात. कुडाळहून निवती किंवा वेंगुर्ला तासाभराचा रस्ता. एवढ्या लांबून जाताना एकाच दिवसाचे गणित ठेवू नये. तीन सकाळी हाताशी ठेवाव्यात, त्यातली एक समुद्र देतो. तिकिटे काढून आलो आहोत म्हणून तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाला, गळ घालणे ही या सफरीतली सर्वांत मोठी चूक. तांडेल नाही म्हणाला की विषय संपला.

तो नाही कधी म्हणतो, हे समजून घेण्यासारखे आहे. रात्रभर जमीन थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो हलका असतो, पाणी त्याने खवळत नाही. दहा-अकराच्या पुढे जमीन तापते, समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी वायव्येकडून चांगला जोर धरतो. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की वारा साधारण १२ नॉटच्या (ताशी २२ किलोमीटरच्या) पुढे गेला असे समजावे. मालवणीत 'वारो सुटलो' म्हणतात, आणि तो सुटण्यापूर्वी होडीचे नाक किनाऱ्याकडे वळलेले हवे. म्हणून निघायचे सहाला, बेटापाशी सातला, परतीला लागायचे साडेआठला. पक्ष्यांच्या दृष्टीनेही हेच वेळापत्रक बरोबर आहे, कारण तोवर खडक तापलेला नसतो.

वाऱ्याखेरीज आणखी एक लाट असते. हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेच्या समुद्रात उठलेल्या वादळांची, लांबलचक पाठीची. इथे वारा पूर्ण पडलेला असतानाही ती येत राहते. होडीत ती केवळ वर-खाली झुलवते, पण खडकाला लागली की चार-पाच मीटर वर चढते. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज रोज मिळतो. त्यात लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद, दोन्ही पाहावेत. दीड मीटरपेक्षा जास्त उंची किंवा १५ नॉटपेक्षा जास्त वारा दिसला तर किनाऱ्यावर पाकोळ्या पाहत बसावे.

भरती-ओहोटीचे गणित कोकणात तिथीवर करतात. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. हे गणित मुंबईकडच्या वेळेचे आहे. दक्षिण कोकणात भरती त्याच्या काहीशी आधी येते, म्हणून नेमकी वेळ गावातच विचारावी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या भांगात, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, ती कमी, त्यामुळे बेटाजवळ एका जागी होडी धरून ठेवायला भांगाचे दिवस बरे. होडी खाडीतून निघणार असेल तर तोंडाशी वाळूचा बांध असतो, तो पूर्ण ओहोटीत ओलांडता येत नाही. किनाऱ्यावरून निघणार असेल तर लाटांत ढकलावी लागते. मोठ्या लाटा घोळक्याने येतात आणि मध्ये थोडी उसंत असते, त्या उसंतीत. मांडीपर्यंत भिजणे ठरलेले. कॅमेरा आणि मोबाइल त्याआधीच तोंड बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत गेलेले हवेत, होडीत बसल्यावर नव्हे.

होडी सात-आठ मीटर लांबीची फायबरची, मागे १५ अश्वशक्तीचे बाहेरून लावलेले इंजिन. अशा होडीत तांडेल आणि खलाशी धरून आठांपेक्षा जास्त नकोत. हे इंजिन पूर्ण वेगात तासाला पाच-सहा लिटर पेट्रोल पिते. तासभर जाणे, तासभर येणे आणि बेटापाशी संथ फिरणे, असे धरले तर १२-१३ लिटर जळते. बरोबर २० असावे. जाण्याला एक तृतीयांश, येण्याला एक, आणि एक तृतीयांश अडीअडचणीला, हा हिशोब कोणत्याही समुद्रावर चालतो. इंजिन बंद पडण्याची नेहमीची कारणे साधी असतात: टाकीत शिरलेले पाणी, पंख्यात अडकलेला जाळ्याचा तुकडा, आणि थंड पाणी ओढणाऱ्या भोकात बसलेली प्लास्टिकची पिशवी. सुटा प्लग, पाना, चाकू, वल्ही आणि पुरेशा लांब दोराचा नांगर, हे होडीत आहे का ते निघण्यापूर्वी विचारण्यात कोणताही अपमान नाही. चांगला तांडेल स्वतःच दाखवतो. जीवरक्षक जाकीट मापाचे हवे आणि पट्टे आवळलेले. खांद्याला धरून वर ओढले आणि ते कानापर्यंत आले, तर पाण्यातही तसेच वर येणार. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४. बेटापाशी मोबाइलला संकेत मिळेल असे गृहीत धरू नये. किती वाजता परतणार ते किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून निघावे.

आता बेटापाशी. होडी कोणत्या बाजूला थांबवायची, याच्यावर सगळे अवलंबून असते. मोठी लाट पश्चिम-नैऋत्येकडून येते, म्हणून ती बाजू सोडायची. पूर्वेला बेटाची आड मिळते, पाणी सपाट असते, आणि सकाळचे ऊन आपल्या पाठीमागून थेट कड्यावर पडते. पाहायला याहून चांगली जागा नाही. अडचण एकच. पहाटेचा मतलई वारा पूर्वेकडूनच येत असल्याने होडीला हळूहळू खडकाकडे ढकलत असतो. म्हणून इंजिन बंद करायचे नाही, गिअर काढून चालू ठेवायचे आणि नांगर हाताशी. शांततेसाठी इंजिन बंद करण्याचा मोह पक्षिमित्रांनाच जास्त होतो. पण सुरय एकसुरी आवाजाला लवकर सरावतात. वीस मिनिटांच्या शांततेनंतर अचानक सुरू झालेल्या इंजिनानेच ते उठतात.

अंतर दीडशे मीटर. समुद्रावर अंदाज फसतो, म्हणून होडीच्या लांबीने मोजावे: अशा वीस होड्या मध्ये मावल्या पाहिजेत. सरळ बेटाकडे नाक करून जायचे नाही. तिरके, बेटाला समांतर, चालण्याच्या वेगाने. सरळ येणारी वस्तू पक्ष्याला हल्ला वाटते, बाजूने जाणारी नुसती जाणारी वाटते. दुर्बीण सतत कड्यावर ठेवायची, तीही पक्षी मोजायला नव्हे, माना पाहायला. आधी काही माना ताठ होतात. मग वसाहतीचा एकसारखा कलकलाट तुटक होतो. मग कडेचे दोन-चार पक्षी उठतात. इथेच थांबून मागे यायचे. याच्या पुढे गेलात तर एक विलक्षण गोष्ट होते: सगळा आवाज एकदम थांबतो, आणि त्या शांततेत शेकडो पक्षी एकाच क्षणी कड्यावरून खाली झेपावून समुद्रावर पसरतात. कधीकधी कोणताही धोका नसताना वसाहत आपणहून अशी उठते आणि मिनिटभरात परतते, ते वेगळे. आपल्या येण्याने उठली तर परतायला वेळ लागतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो उठलेला थवा सफरीतले सर्वांत सुंदर दृश्य वाटतो. छायाचित्रही तेच उत्तम येते. आणि म्हणूनच काही होडीवाले पर्यटकांना खूश करायला शिट्टी मारतात किंवा होडी जवळ घालतात. 'आम्हाला पक्षी उडवून नको आहेत, बसलेले हवे आहेत' हे किनाऱ्यावरच, पैसे ठरवताना सांगून ठेवावे. त्यांनाही ते बरेच वाटते, खडकाजवळ होडी घालायची हौस कोणत्याच तांडेलाला नसते. ड्रोन तर पिशवीतूनही नेऊ नये. वरून येणारी प्रत्येक घरघरणारी वस्तू सुरयासाठी शिकारी असते.

हलत्या होडीत दहा पटींपेक्षा आठ पटींची दुर्बीण बरी, कारण मोठेपणाबरोबर थरथरही मोठी होते. तिवई आणि टेलिस्कोप नागपुरातच ठेवावेत. छायाचित्राला सेकंदाचा सोळाशेवा भाग किंवा त्याहून वेगवान शटर लागते. होडीच्या कडेला कोपर टेकू नये, इंजिनाची सगळी थरथर हातात येते. गुडघे सैल ठेवून बसावे आणि कंबरेने लाट झेलावी.

मोजणी करताना आधी दहा पक्षी एक-एक मोजावेत, ते दहा डोळ्यांना केवढे दिसतात ते बसवून घ्यावे, आणि मग तेवढ्या मापाने कडा मोजत जावे. मोकळ्यावर बसणाऱ्या तुरेवाल्यांना ही रीत लागू पडते. लगामी सुरय कपारीत असल्याने दिसतो त्याच्यापेक्षा बराच जास्त असतो. म्हणून 'बसलेले दिसले इतके, उडताना इतके, कपारीत शिरताना इतके' असे तीन आकडे वेगळे लिहावेत, त्यांची बेरीज करू नये. सोबत वेळ, अंतर आणि होडी बेटाच्या कोणत्या बाजूला होती तेही लिहावे. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना हे तपशील दिले तर पुढच्या वर्षीच्या माणसाला तुलना करता येते. नुसता 'सुरय ५००' हा आकडा कोणाच्याच कामाचा नाही.

आता आपल्या पोटाचे. आम्हा वैदर्भीयांना सकाळी तर्री-पोह्यांशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही, पण त्या सकाळी तर्री नको. उपाशीही निघू नये, रिकाम्या पोटी मळमळ लवकर होते. एक केळे, थोडी भाकरी किंवा कोरडे पोहे पुरे. होडी लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तासभर तरी आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. बसावे मधल्या किंवा मागच्या भागात, नाकाच्या टोकाला नाही. दुर्बिणीतून सलग दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त पाहू नये. मध्ये मध्ये क्षितिजावर नजर टेकवावी. डोळे म्हणतात सगळे स्थिर आहे, कानातला तोल म्हणतो हलते आहे, या भांडणातून ओकारी येते. क्षितिज दिसले की दोघांचे जुळते.

उन्हाबाबत नागपूरकर फाजील आत्मविश्वासाने जातो, '४५ पाहिलेत, ३४ चे काय' म्हणत. पण आपल्याकडची हवा कोरडी, घाम येताच सुकतो. कोकणात तो सुकतच नाही, अंगात उष्णता साठते, आणि वाऱ्यामुळे ती जाणवत नाही. ऊन वरून येते तसे पाण्यावरूनही येते, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांशी भाजते. माणशी दोन लिटर पाणी, क्षारांची पुडी, लांब बाह्या, हनुवटीला दोरी बांधता येईल अशी टोपी. तोंडाला दुपट्टा बांधायची सवय इथे चांगली, फक्त त्याचे टोक आत खोचलेले हवे. इंजिनाशेजारी सुटे कापड धोक्याचे.

परतल्यावर दुर्बीण आणि कॅमेरा आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसावा, मग कोरड्याने. थेट कोरड्या कापडाने घासले तर मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात. हे त्याच दुपारी करावे, नागपूरला पोहोचेपर्यंत थांबू नये.

जून-जुलैत समुद्र बंद असतो. त्या दिवसांत मोसमी वादळांत सापडलेला समुद्रपक्षी कधीकधी शेकडो किलोमीटर आत ढकलला जातो आणि तलावाच्या काठी, शेतात, रस्त्यावर थकून बसलेला सापडतो. लांब अरुंद पंख, दुभंगलेली शेपटी, काळी टोपी आणि पांढरे कपाळ असा अनोळखी पक्षी अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या बाजूला कोणाला दिसला तर त्याला हवेत उडवून पाहू नये, तलावात सोडू नये, चोच उघडून पाणी घालू नये; पाणी श्वासनळीत जाते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाला सुती कापड घालून, पंख मिटून, अंधारात ठेवावा आणि सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर या वन्यजीव उपचार केंद्राला कळवावे. खोक्यात घालण्यापूर्वी भुवई तेवढी पाहून घ्यावी: पांढरे डोळ्यापाशी थांबले आहे, की मागे गेले आहे.